खाँसाहेब अब्दुल करीम खाँ : सुरांचे धनी, विद्येचे दाते

उत्तर प्रदेशातील कैराना हे गवयांचे गाव. तेथे १८७२ साली अब्दुल करीम खाँ यांचा जन्म झाला. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांनी त्यांना लहानपणापासून तालीम दिली. तरुणपणी ते बडोदे दरबारी गवई झाले. पुढे ते महाराष्ट्रात आले व अखेर मिरजेतच स्थिरावले. म्हैसूर दरबारातही त्यांना मान होता. दक्षिणेतील संगीत ऐकून तेथील सरगम त्यांनी आपल्या गायकीत आणली. शिकण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही.

त्या काळी गाणे म्हणजे घराण्याची ठेव. परक्याला ती सहसा मिळत नसे. खाँसाहेबांनी मात्र १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढून ती ठेव सर्वांना खुली केली. शिष्य घेताना त्यांनी धर्म वा जात पाहिली नाही. कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि मराठी रंगभूमीवर सवाई गंधर्व म्हणून गाजले. भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल हे याच सवाई गंधर्वांचे शिष्य.

संसारात मात्र खाँसाहेबांना सुख लाभले नाही. १९२२ साली पत्नी ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि विद्यालयाची घडीही विस्कटली. पण लहानपणी मुलांच्या कानांवर पडलेले सूर वाया गेले नाहीत. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे ही तिन्ही भावंडे नामवंत गायक झाली. स्त्रीने जाहीर मैफलीत गाणे कमीपणाचे मानले जाई, त्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जलसे केले व गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली.

१९३० नंतरच्या दशकात निघालेल्या खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. त्यांत ठुमरीबरोबर मराठी नाट्यपदही होते.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जाताना त्यांच्या छातीत कळ आली. ते वाटेतील सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. तेथेच त्यांनी नमाज पढला व देह ठेवला, असे सांगतात. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तेथे दरवर्षी मोठमोठे कलावंत हजेरी लावतात.

नाकाडोंगरीच्या विद्यार्थी बंधुभगिनींनो, विद्यालयाची इमारत राहिली नाही, पण त्यात वाटलेली विद्या शिष्यांच्या शिष्यांपर्यंत पोहोचली. आपल्याला आलेले दुसऱ्याला शिकवावे, हाच या चरित्राचा धडा आहे.