फोनमधल्या होकायंत्रामागचा माणूस: तापमानाच्या पलीकडचे लॉर्ड केल्विन

क्रांती चौकात गाडी बाजूला लावून तुम्ही मॅप उघडता. फोन पैठण गेटच्या दिशेने वळवला की स्क्रीनवरचा बाणही वळतो. काही फोनमधली दिशा ओळखणारी चिप ज्या गुणधर्मावर चालते, तो १८५६ मध्ये ग्लासगोत सापडला. शोधणारे होते विल्यम थॉमसन. शाळेत तापमानाचं एकक म्हणून पाठ केलेले केल्विन ते हेच!

जन्म २६ जून १८२४, बेलफास्टचा. सहा वर्षांचे असताना आई गेली. वडील गणिताचे प्राध्यापक. दहाव्या वर्षी मुलगा ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला (आपल्याकडे या वयात पाचवीचा वर्ग असतो), २२ व्या वर्षी तिथेच प्राध्यापक झाला आणि तब्बल ५३ वर्षं शिकवत राहिला.

थॉमसन यांनी लोखंड आणि निकेल चुंबकाजवळ ठेवून त्यांतून वीज सोडली. चुंबकत्वाच्या दिशेनेच वीज वाहिली की धातूचा विरोध वाढायचा, आडवी वाहिली की कमी व्हायचा. फरक अगदी थोडा, पण त्यांनी तो नेमका पकडला. यालाच मॅग्नेटोरेझिस्टन्स म्हणतात.

पण असं का होतं? हे त्यांना सांगता येणं शक्यच नव्हतं. वीज वाहून नेणारा इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, तोही दुसऱ्याच थॉमसन यांना. आडनाव सारखं, नातं काही नाही. धातूतून जाताना इलेक्ट्रॉन धडपडतात, तोच विरोध. चुंबकत्वाची दिशा बदलली की अणूंभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या ढगाचा आकार किंचित बदलतो आणि धडकाही कमी-जास्त होतात. हे समजायला क्वांटम भौतिकशास्त्र यावं लागलं.

तोवर थॉमसन यांचं नाव भलत्याच कामाने गाजलं. अटलांटिक समुद्राखालच्या तारेसाठी १८६६ मध्ये ‘सर’ आणि १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन. १७ डिसेंबर १९०७ रोजी ते गेले.

१९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी, स्वतंत्रपणे, लोखंड आणि क्रोमियमचे केसाच्या हजारो पट पातळ थर एकमेकांवर रचले. इथलं कारण वेगळं होतं. इलेक्ट्रॉनला ‘स्पिन’ असतो. शेजारच्या लोखंडी थरांचं चुंबकत्व एकाच दिशेने असेल, तर एका स्पिनचे इलेक्ट्रॉन सहज पार होतात. उलटसुलट असेल, तर दोन्ही प्रकारचे कुठे ना कुठे अडतात. फेर यांच्या प्रयोगात चुंबकाने विरोध जवळपास निम्मा झाला. तापमान होतं ४.२ केल्विन!

दोघांना २००७ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९७ मध्ये, आयबीएमने असे थर वापरलेली हार्ड डिस्क बाजारात आणली होती.