शाळा 12व्या वर्षी सुटली, पण उजेड मोजायचं गणित त्यानेच मांडलं

रात्री दौंड किंवा शिरूर तालुक्यातून जाताना पोल्ट्रीच्या शेडमध्ये ओळीने पेटलेले बल्ब दिसतात. अंड्यांच्या कोंबड्यांना दिवसाला साधारण 16 तास उजेड लागतो, आणि तो सगळीकडे सारखा पडलेला बरा. मग दोन बल्बमध्ये अंतर किती ठेवायचं? हे उत्तर ज्याच्या नियमांवरून काढता येतं, तो योहान हाइनरिश लॅम्बर्ट एका शिंप्याचा मुलगा होता.

जन्म 26 ऑगस्ट 1728, गाव म्यूलूझ, जे आज फ्रान्समध्ये आहे. 12व्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या दुकानात बसू लागला. अभ्यास स्वतःचा स्वतः, तोही काम उरकून. पुढे कारकुनी केली, एका संपादकाचा सचिव झाला. 1748 मध्ये आजच्या स्वित्झर्लंडमधल्या कूर इथे फॉन सालिस या बड्या घराण्यात तो मुलांना शिकवायला लागला. त्या घरात मोठं ग्रंथालय होतं. त्याचं कॉलेज म्हणाल तर तेच!

1760 मध्ये त्याचा 'फोटोमेट्रिया' हा ग्रंथ आला. तेव्हा उजेड मोजणारा मीटर नव्हता. उजेड नेमका किती, हे डोळा सांगू शकत नाही. पण शेजारचे दोन पृष्ठभाग सारखे उजळलेत का, हे त्याला बरोबर कळतं. लॅम्बर्टने याच तुलनेवर मोजमाप उभं केलं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हे केप्लरने आधीच सांगितलं होतं. प्रकाश तिरपा पडला की उजेड कोनानुसार किती घटतो, हा नियम लॅम्बर्टने पक्का केला.

आता शेडमध्ये परत या. दोन सारखे बल्ब घ्या, दोन्हींचा उजेड जमिनीवर मांडा आणि कॅल्क्युलस लावा. बल्बमधलं अंतर त्यांच्या उंचीपेक्षा जास्त असेल तर मधोमध अंधुक पट्टा पडतो, कमी असेल तर मध्यभागीच जास्त उजेड होतो. अंतर उंचीइतकंच ठेवलं, म्हणजे 8 फुटांवरचे बल्ब 8 फुटांवर लावले, तर मधला उजेड सर्वांत सपाट पडतो. बल्बची मोठी रांग असेल किंवा भिंतीवरून उजेड परतत असेल तर आकडा बदलतो, हिशेबाची रीत तीच राहते.

पाय ही संख्या अपूर्णांकात मांडता येत नाही, हेही लॅम्बर्टनेच सिद्ध केलं. तरी बर्लिनच्या अकादमीत जाताना राजा फ्रेडरिकला त्याचा अवतार पटला नव्हता. अखेर 1765 मध्ये तो तिथे रुजू झाला. 25 सप्टेंबर 1777 रोजी, वयाच्या 49व्या वर्षी, बर्लिनमध्येच त्याचं निधन झालं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बिअर-लॅम्बर्ट नियम घोकला असेल, तर त्यातला लॅम्बर्ट हाच.