प्राचार्य आगरकर

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात झाला. घरची गरिबी असल्याने त्यांनी अतिशय कष्टाने शिक्षण घेतले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकताना त्यांचा बाळ गंगाधर टिळकांशी स्नेह जुळला. सरकारी नोकरी न पत्करता अल्प वेतनावर लोकशिक्षणाचे कार्य करण्याचा दोघांनी निश्चय केला.

१८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम. ए. ची परीक्षा देऊन आगरकर १८८१ मध्ये तेथे शिक्षक झाले. पुढे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या फर्ग्युसन कॉलेजातही ते शिकवू लागले. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ पत्र काढले. बालविवाह, केशवपन यांसारख्या रूढींवर त्यांनी केलेल्या टीकेने सनातनी मंडळी इतकी संतापली, की त्यांनी आगरकरांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली.

ऑगस्ट १८९२ मध्ये कॉलेजचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे निधन झाले आणि ती धुरा आगरकरांकडे आली. आता वर्गाबरोबरच संपूर्ण संस्थेचे हित त्यांना पाहावयाचे होते. लोकाश्रयावर चालणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने लोकमताला जपून मौन धरणे सोयीचे होते. दम्याच्या विकारानेही त्यांचे शरीर खंगले होते. तरीही आगरकरांनी प्राचार्यपद निष्ठेने सांभाळले आणि लेखणीही खाली ठेवली नाही.

१७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, प्राचार्यपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. अधिकारपद मिळाले म्हणून विचारांना मुरड घालावी लागत नाही, हा धडा त्यांच्या जीवनातून मिळतो.