सर्व्हरची किल्ली कुणाच्या हातात द्यायची हे जगाला शिकवणाऱ्या एव्ही नेमेथ

रात्री दोन वाजता एखाद्या कंपनीचा सर्व्हर बंद पडतो. वेबसाइट उघडत नाही, बिलं निघत नाहीत, गोदामातला माल जागचा हलत नाही. मालकाचे फोनवर फोन सुरू असतात. आणि कुठेतरी एक माणूस डोळे चोळत लॅपटॉपसमोर बसतो, काळ्या स्क्रीनवर इंग्रजीतला चार अक्षरांचा एक शब्द टाइप करतो.

सुडो.

सर्व्हर लिनक्सवर चालणारा असेल, तर दुरुस्तीची सुरुवात बऱ्याचदा याच शब्दाने होते. पुढची आज्ञा सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याच्या नावाने चालव, असं तो शब्द मशीनला सांगतो. मशीन आधी यादी बघतं, या माणसाला तेवढी परवानगी आहे का ते तपासतं, आणि मग काम करतं. कुणी, कधी, काय केलं याची नोंदही ठेवतं.

हे काम करणाऱ्या माणसाला सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. सगळं सुरळीत असेल तेव्हा तो कुणाच्या खिजगणतीत नसतो आणि बिघडलं की पहिली शिवी त्यालाच बसते. असं हे काम शिकवता येतं, त्याचे नियम लिहून ठेवता येतात, हे ज्यांनी दाखवून दिलं त्यात सगळ्यात मोठं नाव एका गणिताच्या प्राध्यापिकेचं आहे. त्यांचं नाव एव्ही नेमेथ.

गणितातून कम्प्युटरच्या खोलीत

एव्ही यांचा जन्म ७ जून १९४० चा. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातून १९६१ साली त्या गणितात पदवीधर झाल्या. पुढे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातून १९७१ मध्ये गणितातच पीएचडी केली. फ्लोरिडात आणि न्यूयॉर्क राज्यात काही वर्षं शिकवलं आणि १९८० मध्ये त्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरात आल्या. इथल्या विद्यापीठाच्या कम्प्युटर विभागात त्या प्राध्यापक झाल्या.

१९८२ ते १९८६ या काळात त्यांच्याकडे कॉलेजच्या कम्प्युटर केंद्राची जबाबदारी होती. म्हणजे वर्गात शिकवायचंच, पण मशीन बंद पडलं तर तेही बघायचं.

तेव्हाचे कम्प्युटर आजच्यासारखे ज्याचे त्याच्या टेबलावर नव्हते. एका मोठ्या मशीनला अनेक टर्मिनल जोडलेले असायचे आणि सगळे विद्यार्थी, प्राध्यापक त्याच मशीनवर काम करायचे. त्यावर चालायची युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम. आजचं लिनक्स याच घराण्यातलं.

अशा मशीनवर एकाची चूक सगळ्यांना भोवायची. कुणी चुकून डिस्क भरून टाकली की सगळ्यांचं काम ठप्प. त्यात हे सगळं सांभाळायचं कसं याचं शिक्षण कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं. जुना माणूस नव्याला तोंडी सांगायचा. जुना नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर ती माहितीही जायची.

एकच किल्ली आणि दहा हात

युनिक्समध्ये एक सर्वाधिकारी खातं असतं, त्याला रूट म्हणतात. रूटला काहीही करता येतं. कुणाचीही फाइल वाचता येते, कुणालाही बाहेर काढता येतं, अख्खी डिस्क पुसता येते. एकदा का रूट म्हणून आज्ञा दिली, की मशीन सहसा उलटून विचारत नाही.

आता समजा केंद्रात दहा जण काम करतात. एकाला प्रिंटर बघायचाय, दुसऱ्याला बॅकअप घ्यायचाय, तिसऱ्याला नवी खाती उघडायची आहेत. सगळ्यांनाच थोडाथोडा वरचा अधिकार लागतो. सोपा उपाय काय? रूटचा पासवर्ड सगळ्यांना देऊन टाकायचा.

म्हणजे सोसायटीतल्या प्रत्येक कामगाराला सगळ्या फ्लॅटची मास्टर किल्ली देण्यासारखं झालं. चोरी झाली तर किल्ली कुणी वापरली हे कळत नाही. एक जण काम सोडून गेला की सगळी कुलपं बदलावी लागतात. बरं, चोरीचं सोडा, साधी चूक झाली तरी ती कुणाची हे सांगता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे सुडो. तो एव्ही यांनी लिहिला नाही. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी पहिलं सुडो लिहिलं. पण पुढे ते वाढलं बोल्डरमध्ये. १९८६ साली गार्थ स्नायडर यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली आणि पुढची काही वर्षं बोल्डरच्याच मंडळींनी त्याची देखभाल केली. १९९४ मध्ये तिथल्याच टॉड मिलर यांनी काम हातात घेतलं आणि ते पुढे तीन दशकं सांभाळलं.

सुडोने केलं काय, तर मास्टर किल्ली कपाटात ठेवली. प्रिंटरवाल्याला फक्त प्रिंटरच्या आज्ञा, बॅकअपवाल्याला फक्त बॅकअपच्या. प्रत्येकाने स्वतःचा पासवर्ड वापरायचा आणि प्रत्येक वापराची नोंद वहीत पडणार. माणूस सोडून गेला तर यादीतून त्याचं नाव काढायचं, बाकीच्यांचं काम चालू.

एव्हीबाईंची पोरं

बोल्डरमध्ये हे घडलं त्याला कारण होतं. एव्ही यांनी विद्यार्थ्यांच्या हातात खरी मशीन दिली होती.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेशनचे खास वर्ग चालवले. एका सेमिस्टरला परीक्षा दिली आणि संपलं, असं नव्हतं. पोरं कित्येक वर्षं त्यातच राहून शिकायची. शाळेतली मुलंही त्यांच्याकडे यायची आणि कॉलेजचे कम्प्युटर चालवायला हातभार लावायची. ही मंडळी एव्हीबाईंची पोरं म्हणूनच ओळखली जायची.

शाळकरी मुलाला विद्यापीठाच्या मशीनला हात लावू द्यायचा म्हणजे जोखीमच. पण अधिकार मोजून मापून देता येत असतील आणि प्रत्येक गोष्टीची नोंद राहत असेल, तर मुलाला चुकायची मुभा देता येते. सुरक्षेची शिस्त आणि शिकवण्याची पद्धत इथे एकमेकींना धरून होत्या.

प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांसाठीही त्यांनी विद्यापीठाच्या टीम तयार केल्या आणि जागतिक अंतिम फेरीपर्यंत नेल्या. होतकरू विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती सुरू केली ती अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्यासोबत. गंमत म्हणजे वॉझ्नियाक याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला होते, आणि विद्यापीठाच्या कम्प्युटरवर केलेल्या खोड्यांमुळे त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं होतं.

तोंडी विद्या कागदावर आली

१९८९ मध्ये युनिक्स सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेशन हँडबुक नावाचं पुस्तक आलं. लेखक होते एव्ही नेमेथ, गार्थ स्नायडर आणि स्कॉट सीबास.

कुठली आज्ञा काय करते एवढंच सांगणारं हे पुस्तक नव्हतं. मशीन चालू-बंद कसं करायचं इथपासून नवी खाती, बॅकअप, नेटवर्क, ईमेल, नोंदींच्या फाइली, सुरक्षा असं सगळं त्यात होतं. कुठली पद्धत चांगली आणि कुठली गळ्याशी येईल हेही रोखठोक सांगितलेलं. रूटचा पासवर्ड वाटत फिरू नका आणि सुडो वापरा, हा त्यातलाच सल्ला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तर कंपनीची धोरणं आणि ऑफिसातलं राजकारण यावरही प्रकरण आलं. कारण साहेब स्वतःच नियम मोडायला सांगतात तेव्हा काय करायचं, हाही सर्व्हर सांभाळणाऱ्याचा रोजचा प्रश्न असतो.

दुसरी आवृत्ती १९९५ ला आली, तिसरी २००० ला. मधल्या काळात जग बदललं होतं. १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी लिनक्स लोकांसमोर ठेवलं. ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो अशी ही सिस्टिम. कंपन्या महागड्या युनिक्सवरून हळूहळू तिच्याकडे वळू लागल्या.

पुस्तकही त्यांच्याबरोबर चाललं. २००० च्या आवृत्तीत सोलारिस आणि एचपी-यूएक्स या कंपन्यांच्या युनिक्सशेजारी रेड हॅट लिनक्स आणि फ्रीबीएसडी येऊन बसले. २००२ मध्ये खास लिनक्ससाठी वेगळं पुस्तक आलं. २०१० मध्ये दोन्ही एकत्र करून चौथी आवृत्ती निघाली.

ओपन सोर्स सर्व्हर फुकट मिळतो, असं आजही अनेक धंदेवाल्यांना वाटतं. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत हे खरं, पण ते सांभाळायला जाणता माणूस लागतो. तो माणूस तयार करण्याचं काम या पुस्तकाने केलं. जगभरात कित्येकांनी ते टेबलावर ठेवून नोकरीचे पहिले दिवस काढले.

कुलूप उघडून दाखवलं

एव्ही मुळात गणिताच्या, आणि कुलपांचं गणित त्यांना नीट कळायचं.

इंटरनेटवर दोन अनोळखी मशीन उघड्यावर बोलूनसुद्धा एक गुप्त किल्ली ठरवू शकतात, ती डिफी-हेलमन पद्धत १९७६ साली मांडली गेली. ती एका गणिती कोड्यावर उभी आहे. कोडं एका दिशेने सोपं आणि उलट दिशेने महाकठीण. १९८० च्या दशकात प्रत्यक्ष वापरासाठी केलेल्या काही रचनांमध्ये हे कोडं पुरेसं मोठं नव्हतं. अशा रचनेतल्या उणिवा दाखवून देणाऱ्यांत एव्ही अगदी सुरुवातीच्या होत्या, आणि गणिताच्या वर्तुळात त्यांचं नाव यासाठी घेतलं जातं.

पद्धत चांगली होती, पण ती बसवताना काटकसर झाली होती. सर्व्हरच्या सुरक्षेत आजही नेमकं हेच होतं.

पुढे त्या इंटरनेटच्या वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या कायदा या संस्थेसोबत सॅन दिएगोत काम करू लागल्या. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस व्यवस्थेच्या मुळाशी जे रूट सर्व्हर असतात, त्यातल्या एकाचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसोबत २००१ मध्ये मांडला. त्या सर्व्हरवर येणाऱ्या प्रश्नांपैकी १४ टक्क्यांहून जास्त प्रश्न नियमांनाच धरून नव्हते. मशीन नीट बसवली नव्हती किंवा सॉफ्टवेअर चुकीचं लिहिलेलं होतं, आणि हा कचरा सगळ्या जगासाठी काम करणाऱ्या सर्व्हरला सोसावा लागत होता.

विकसनशील देशांतल्या इंजिनियरांना नेटवर्क चालवायला शिकवणाऱ्या कार्यशाळांतही त्या स्वयंसेवक म्हणून शिकवत राहिल्या.

निन्या परतली नाही

निवृत्तीनंतर एव्ही यांनी वंडरलँड नावाची शिडाची बोट घेतली आणि समुद्रावर राहू लागल्या. फिरत फिरत त्या न्यूझीलंडपर्यंत आल्या.

२९ मे २०१३ ला न्यूझीलंडच्या ओपुआ बंदरातून निन्या नावाची लाकडी बोट ऑस्ट्रेलियाकडे निघाली. १९२८ साली बांधलेली, ७० फुटांची, एके काळी अटलांटिकची शर्यत जिंकलेली बोट. तिच्यावर सात जण होते आणि त्यात एव्ही होत्या.

वाटेत टास्मान समुद्रात मोठं वादळ आलं. एव्ही यांनी उपग्रह फोनवरून न्यूझीलंडमधल्या एका हवामान तज्ज्ञाला फोन करून कोणत्या दिशेने जावं ते विचारलं. ४ जूननंतर बोटीचा आवाज बंद झाला. बोटीवरून पाठवलेला पण पोहोचू न शकलेला एक संदेश नंतर उपग्रह फोन कंपनीच्या नोंदीत सापडला. वादळी शिडं फाटली होती, पण तोवर बोट तरंगत होती.

विमानांनी प्रचंड मोठा समुद्र पिंजून काढला. जुलैच्या सुरुवातीला सरकारी शोध थांबला, घरच्यांनी पुढेही चालू ठेवला. बोटीचा पत्ता लागला नाही. ४ जूनला एव्ही यांच्या ७३ व्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी होते.

पुढे काय राहिलं

२०१७ मध्ये हँडबुकची पाचवी आवृत्ती आली. सहलेखकांनी त्यात एव्ही यांच्यासाठी श्रद्धांजली लिहिली आणि मुखपृष्ठावर पहिलं नाव त्यांचंच ठेवलं.

जानेवारी २०२१ मध्ये एक बातमी आली. खुद्द सुडोमध्येच एक भोक सापडलं होतं. जुलै २०११ पासून ते तिथेच होतं आणि जवळपास दहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मशीनवर साधं खातं असलेला कुणीही त्यातून थेट रूट होऊ शकत होता. दुरुस्ती लगेच आली. ज्यांनी अपडेट टाकलं त्यांची मशीन वाचली, ज्यांनी टाळलं त्यांच्यावर टांगती तलवार राहिली.

कोड उघडा होता म्हणून तो आपोआप सुरक्षित झाला नाही. कुणीतरी बसून तो वाचला, तेव्हा भोक दिसलं. आणि कुणीतरी रात्री जागून अपडेट टाकलं, तेव्हा ते बुजलं.

त्यामुळे तुमचं दुकान, कारखाना किंवा ऑफिस लिनक्सच्या सर्व्हरवर चालत असेल, तर उद्या सकाळी तो सांभाळणाऱ्याला चार प्रश्न विचारून बघा. रूटचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे? सोडून गेलेल्यांची खाती बंद केली का? शेवटचं अपडेट कधी टाकलं? आणि बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून बघितली, त्याला किती दिवस झाले?

उत्तरं पटकन आली तर त्याला चहा पाजा. नाही आली, तर एव्हीबाईंचं पुस्तक आणून द्या.