डॉ. लुडविग गुटमान

पाठीचा कणा मोडून आतील मज्जारज्जूला इजा झाली, म्हणजे कमरेखालचे शरीर लुळे पडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रोग्याची आशा वैद्यही सोडून देत असत. हा शिरस्ता मोडण्याचे कार्य डॉ. लुडविग गुटमान यांनी केले.

त्यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. १९१७ मध्ये रुग्णालयात सेवा करीत असता त्यांनी कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार पाहिला. पाच आठवड्यांतच तो मरण पावला. ते दृश्य त्यांच्या मनातून कधीच पुसले गेले नाही.

पुढे ते नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ झाले. परंतु १९३३ मध्ये नाझी राजवट आली आणि ज्यू डॉक्टरांना इतर रुग्णालयांची दारे बंद झाली. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर भीषण हल्ले झाले, तेव्हा ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात येईल त्याला आश्रय देण्याची आज्ञा त्यांनी केली आणि अनेकांचे प्राण वाचविले. १९३९ मध्ये ते सहकुटुंब इंग्लंडला गेले.

१९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे जायबंदी सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. पडून राहिल्याने पाठीला जखमा होऊ नयेत, म्हणून दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलावी, असा दंडक त्यांनी घातला. रोगी सावरला, की त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून खेळावयास लावीत. धनुष्य ओढल्याने दंड व पाठ बळकट होत. शिवाय खचलेले मनही उभारी धरी. खेळ ही करमणूक नसून उपचाराचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलला १६ रुग्णांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. त्या इवल्या रोपाचा वृक्ष झाला. १९६० मध्ये रोम येथे २३ देशांतील सुमारे ४०० खेळाडू जमले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात भारतासाठी सुवर्णपदक मिळविले.

१८ मार्च १९८० रोजी गुटमान निवर्तले. पण कार्य थांबले नाही. २००६ मध्ये इटलीतील तुरीन येथे चाकांच्या खुर्चीवरील कर्लिंगचा समावेश झाला. कर्लिंगमध्ये सुमारे २० किलो वजनाचा घोटीव दगड बर्फावरून सरकवून दूरच्या वर्तुळात नेतात. एरव्ही सोबती दगडापुढचा बर्फ झाडून त्याची वाट सुकर करतात. येथे ते झाडणे नाही. खुर्ची स्थिर ठेवून, हवी तर काठीने, दगड ढकलतात. म्हणून सारी भिस्त नेमावर आणि वर्षानुवर्षांच्या सरावावर असते. स्त्री-पुरुष एकाच संघातून खेळतात.

खेळाडूला खेळाबाहेर न ठेवता खेळच त्याच्याजवळ आणावा, ही गुटमान यांची शिकवण त्या बर्फावरही जिवंत आहे.