पंडिता रमाबाई आणि त्यांनी घडविलेल्या सेविका

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. त्यांची विद्वत्ता, त्यांचा विश्वास आणि त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर यांविषयी आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू मागे राहते. घरात छळ सोसून बाहेर पडलेल्या स्त्रीला नुसते छप्पर पुरत नाही. तिला सांभाळणारी जाणती माणसे लागतात. ही माणसे रमाबाईंनी कोठून आणली आणि कशी तयार केली, याचा विचार आज आम्ही करणार आहोत.

रमाबाईंचा जन्म 1858 साली गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आई लक्ष्मीबाईंनी तीच विद्या लेकीला दिली. घरातल्या घरात एका स्त्रीने दुसरीला शिकविले, हे बीज पुढे मोठे झाले. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी भटकत रमाबाई 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या, व तेथील पंडितांनी त्यांचा गौरव केला. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण 1882 साली पतीही गेले. ही तरुण विधवा लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्यास आली.

त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. स्त्रियांसाठी शिक्षित स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्री डॉक्टरही हव्यात, ही त्यांची मागणी होती. पुरुषापुढे आपले दुःख सांगण्यापेक्षा पुष्कळ स्त्रिया मरण पत्करतात, हे त्या जाणून होत्या. मदत करणारी स्त्री असली पाहिजे आणि ती शिकलेलीही असली पाहिजे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात पक्का होता.

1883 साली त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपल्या आश्रयगृहात नेले. जगाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा भगिनी तेथे मायेने आणि शिस्तीने करीत होत्या. असे दृश्य रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. विहिरीजवळच्या शोमरोनी स्त्रीची कथाही त्यांना तेथेच नव्याने समजली. पुढे 1886 साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथे बालोद्यान शिक्षणाची पद्धत स्वतः शिकल्या. दुसऱ्यांना शिकवायचे तर आधी आपण विद्यार्थी व्हावे, अशी त्यांची रीत होती.

परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या मुलींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. तिने चार वर्षे शिक्षण घेतले आणि 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले त्या कामात उभी राहिली. सदनातून बाहेर पडलेली मुलगी रमाबाईंच्या हातून गेली खरी, पण कार्यातून गेली नाही.

वाट सरळ नव्हती. सदन पुण्यास हलविल्यावर 1893 साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. सल्लागार मंडळ दूर झाले व बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाई मात्र राहिलेल्या मुलींना शिकवीत राहिल्या. त्याचे फळ लवकरच दिसले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. अंगावर कातडे आणि हाडे राहिलेल्या, भेदरलेल्या या मुलींना न्हाऊ घालणे, भरविणे आणि शिकविणे हे एका बाईचे काम नव्हते. शारदा सदनात तयार झालेल्या मुली त्या वेळी उपयोगी पडल्या. काल ज्यांना आधार मिळाला, त्या आज आधार देऊ लागल्या.

केडगाव येथे मुक्ति सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. सगळ्यांना एकाच पद्धतीने वागवून चालत नाही, हे रमाबाईंनी ओळखले. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, तर अंध स्त्रियांना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकविले. शेती, विणकाम, छापखाना यांतून हातांना कसब मिळाले. मनोरमाबाईंनी तर गुलबर्ग्याच्या मुलींच्या शाळेची जबाबदारीही उचलली. 1921 साली त्या आईच्या आधी प्रभूकडे गेल्या. जिच्या हाती सारे सोपवायचे तीच गेली. भाषांतराचे काम पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही डोळे मिटले. तरीही केडगावचे काम बंद पडले नाही, कारण ते एकाच खांद्यावर ठेवलेले नव्हते.

वाचकहो, आज 2005 चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. तरी मार खाल्लेली बहीण रात्री पहिल्यांदा येते ती ओळखीच्या दारात. कधी पाळकांच्या, कधी शब्बाथ शाळेच्या बाईंच्या. तिला समेट करून घे म्हणून त्याच घरी परत धाडणे ही सेवा नव्हे. तिचे ऐकावे कसे, तिची गोष्ट गुप्त ठेवावी कशी आणि तिला दवाखान्यात व अधिकाऱ्यांकडे न्यावे कसे, हे शिकावे लागते. एकच बाई दरवेळी धावली तर तीही थकते. म्हणून प्रत्येक मंडळीने निदान दोन-तीन भगिनींना हे शिक्षण द्यावे, त्यांचा खर्च उचलावा, त्यांना विसावा द्यावा आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. रमाबाईंची आठवण ठेवण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाही.