मिल्टनची बिदागी

आमच्या घरी आजोबांच्या वेळचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ आहे. कातडी बांधणी, कडांना कसर लागलेली, आणि आतल्या कोऱ्या पानावर शाळेची चिठ्ठी: इंग्रजीत पहिला आल्याबद्दल बक्षीस, सन १९११. आजोबांनी ते पुरते वाचले असावे असे मला वाटत नाही. दुसऱ्या सर्गापुढे पेन्सिलीची एकही खूण नाही. तथापि दसऱ्याला इतर पोथ्यांबरोबर तेही पाटावर मांडले जाई. ज्या ग्रंथाने बडोद्याच्या एका मुलाला घरात मान मिळवून दिला, त्याच्या कर्त्याच्या पदरात काय पडले, याचा मी अलीकडे थोडा शोध घेतला. ती हकीकत वाचकांस सांगावीशी वाटते.

जॉन मिल्टन ९ डिसेंबर १६०८ रोजी लंडनमध्ये जन्मला. वडील दस्तऐवज लिहिण्याचा व व्याजबट्ट्याचा धंदा करीत, संगीताचे शौकीन. १६३२ साली केंब्रिजची एम. ए. पदवी घेऊन मुलगा घरी आला आणि पुढची पाच-सहा वर्षे नुसता वाचीत बसला. आपल्याकडे अशा मुलाच्या नावाने शेजाऱ्यांनी बोटे मोडली असती. त्या बापाने ते सोसले, हे त्याचे इंग्रजी काव्यावर मोठेच उपकार आहेत. त्याच साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या दुसऱ्या आवृत्तीत मिल्टनची इंग्रजी कविता प्रथमच छापली गेली, तीही नावाशिवाय. एवढ्या मोठ्या कवीला दगडी स्मारकाची गरज काय, असा तिचा आशय. हा दगड वाचकांनी ध्यानात ठेवावा.

हर्ष आणि चिंतन या दोन वृत्तींवरच्या त्याच्या जोडकविता आपल्यापैकी पुष्कळांना निराळ्या वेषात ठाऊक आहेत. आपले राजकवी चंद्रशेखर यांनी त्यांच्यावरून ‘रंगराव हर्षे’ आणि ‘चिंतोपंत उदास’ रचले. राजाश्रय लाभलेल्या कवीने राजाचे नावही न सोसणारा कवी निवडला, याची मला गंमत वाटते.

१६३७ साली एडवर्ड किंग हा केंब्रिजचा सोबती आयरिश समुद्रात बुडाला. त्याच्यावरच्या विलापिकेत मिल्टन मध्येच स्वतःची शंका काढतो: रात्री जागवून विद्या करायची आणि फळ हाती येण्याआधीच आयुष्याचा दोरा तुटायचा, तर हा खटाटोप कशाला? उत्तरही तोच देतो: खरी कीर्ती जगाच्या तोंडी नसते, तिचा निवाडा वर होतो. अठ्ठावीस वर्षांच्या, बापाच्या जिवावर जगणाऱ्या तरुणाला हे उत्तर सोपे होते. त्याची किंमत पुढे द्यावी लागली.

पुढे यादवी युद्ध झाले, १६४९ साली राजा चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि मिल्टन प्रजासत्ताकाचा परराष्ट्र पत्रव्यवहाराचा चिटणीस झाला. १६५२ पर्यंत दृष्टी साफ गेली. या काळात त्याने क्रॉमवेलवर सुनीत लिहिले. पण त्या स्तुतीच्या पोटात बजावणी आहे: लढाया जिंकल्यास, आता लोकांची सदसद्‌विवेकबुद्धी भाडोत्री धर्मगुरूंपासून सांभाळ. अशा स्तुतीवर कोण बिदागी देणार! ड्रायडनची रीत वेगळी. त्याने क्रॉमवेलच्या मृत्यूवर गौरवपर कविता लिहिली, १६६० साली राजा परतताच त्याचेही स्वागत गायले, आणि १६६८ साली तो राजकवी झाला. मी त्याला दोष देत नाही. पोट सर्वांनाच असते. मिल्टनची दोन पुस्तके मात्र त्याच १६६० साली सरकारी हुकमाने जाळण्यात आली. तो कैदेत पडला, डिसेंबरात सुटला, आणि कैदेत ठेवल्याची फी म्हणून त्याच्याकडेच १५० पौंड मागण्यात आले! कवी मार्व्हेलने पार्लमेंटात त्याबद्दल तक्रार केली.

आंधळेपणी त्याने महाकाव्य तोंडी सांगून पुरे केले. २७ एप्रिल १६६७ रोजी सॅम्युएल सिमन्स या छापखानेवाल्याशी करार झाला: ५ पौंड रोख, १,३०० प्रती खपल्यावर आणखी ५, पुढच्या दोन आवृत्त्यांना तसेच पाच-पाच. हा करारनामा आजही लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. सिमन्सला कसाई म्हणण्याची प्रथा आहे. मला ते पटत नाही. त्या काळी ग्रंथकाराशी असा लेखी करार करणेच दुर्मिळ होते, आणि सरकारच्या डोळ्यांत सलणाऱ्या आंधळ्याचे पुस्तक छापायला छातीही लागत असे. दुसरे ५ पौंड एप्रिल १६६९ मध्ये पोचले. हयातीत मिळाले ते एवढेच दहा. नोव्हेंबर १६७४ मध्ये तो वारला. १६८० साली विधवेने उरलेले सारे हक्क ८ पौंडांना दिले. एकूण १८.

मुलींचे काय? त्यांच्याकडून तो त्यांना न कळणाऱ्या भाषांतले ग्रंथ मोठ्याने वाचून घेई. मुलींनी त्याच्यावर प्रेम केले नाही, यात मला नवल वाटत नाही.

मान आला तो मेल्यावर, आणि तोही अडखळत. १६८८ च्या थाटाच्या आवृत्तीत त्याच्या चित्राखाली ड्रायडननेच सहा ओळी लिहून त्याला होमर आणि व्हर्जिल यांच्या बरोबरीला बसवले. उलट वेस्टमिन्स्टर ॲबीत दुसऱ्या एका कवीच्या स्मारकलेखात आलेले मिल्टनचे नाव तिथल्या डीनने खोडायला लावले. देवळात ते नाव नको! अखेर १७३७ साली विल्यम बेन्सन या गृहस्थाने तिथे त्याचा अर्धपुतळा बसवला, आणि खालच्या लेखात स्वतःच्या हुद्द्यांची नोंद करण्यास तो विसरला नाही. पोपने त्याची यथेच्छ टिंगल केली.

धाकटी मुलगी डेबोरा हिची मुलगी एलिझाबेथ फॉस्टर. हिचे लंडनात वाणसामानाचे लहानसे दुकान होते. डेबोराचा एक मुलगा मद्रासेस जाऊन तिथेच वारला. ५ एप्रिल १७५० रोजी ड्रुरी लेन नाट्यगृहात एलिझाबेथच्या मदतीसाठी मिल्टनच्या ‘कोमस’चा प्रयोग झाला. डॉ. जॉन्सनने प्रास्ताविक कविता लिहिली. तो मिल्टनच्या राजकारणाचा कट्टर वैरी, तरी लोकांकडे मदत मागायला तोच पुढे झाला. रात्रीचे उत्पन्न १३० पौंड आले. त्यातून दुकानात थोडा माल वाढला आणि नवरा-बायको इस्लिंग्टनला राहायला गेली.